सत्कार नको, बग द्या

मोनालीला अकोल्याचं बोलावणं आलं तेव्हा ती अमरावतीतल्या आपल्या भाड्याच्या खोलीत पलंगावर उभी राहून नाचली. खालून घरमालकीण काकूंनी आवाज दिला, "काय पडलं वं?" तर ही वरूनच ओरडली, "काई नाई पडलं काकू, मी उडून राहिली!"

आता एवढं उडण्यासारखं काय होतं ते सांगायला पाहिजे. आपल्याकडे शेतातल्या मोटरीची लाईन, म्हणजे वीज, कधी येईल आणि कधी जाईल हे ब्रह्मदेवालाही ठाऊक नसतं. म्हणून अकोल्याच्या पोरांनी एक ॲप काढलं, 'लाईन आली' नावाचं. लाईन आली की जो वावरात असेल त्यानं बटण दाबायचं, मग गावातल्या सगळ्यांचे फोन बोलतात, "आली बाप्पा, लाईन आली!" आणि गेली की, "गेली बाप्पा, गेली!" ॲप फुकट आहे, पण नुसतं फुकट नाही, खुलं आहे. त्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवलेला. कोणीही वाचावा, कोणीही दुरुस्त करावा, आणि दुरुस्ती पटली तर ती मुख्य कोडात घेतात, करणाऱ्याच्या नावासकट. ते नाव मग तिथं कायमचं राहतं. याला ओपन सोर्स म्हणतात, आणि मोनालीला कॉलेजपासून त्याचं वेड होतं. वेड होतं, पण नाव कुठंच लागलं नव्हतं.

तिची आई पार्बताबाई चांदूर बाजारला वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि झेंडू लावते. तिच्या फोनात हे ॲप मोनालीनंच टाकून दिलं. थोडे दिवस सगळं झकास चाललं, मग खोट निघाली, कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत बग. कधी कधी लाईन येते आणि लगेच जाते. "आली"च्या मागोमाग कोणी "गेली"चं बटण दाबलं की ॲपला वाटायचं, हे चुकून दाबलं गेलं, आणि ते गप्प बसायचं. पार्बताबाई तिकडे तरातरा वावरात जाऊन मोटर चालू करायला बघायची, तर मोटर ढिम्म. तिनं फोनवर पोरीला झाडलं, "तुह्या त्या ॲपले सांग, अर्धी गोष्ट सांगत जाऊ नको म्हना. सांगायची तं पुरी सांग, नाई तं चूप राह्य!"

मोनालीनं कोड उघडला, शोधला, आणि खोट नेमकी कुठं आहे ते तिला सापडलं. मग तिनं ॲपवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, "मला एक बग सापडला आहे. मी दुरुस्त करून पाहू का?"

बापरे! उत्तरांचा असा पाऊस पडला की फोन गरम झाला. "स्वागत ताई!" "सुस्वागतम ताई!" जोडलेले हात, गुलाबाची फुलं, पेटलेले दिवे. वर संघपालचा स्वतःचा फोन. हा संघपाल म्हणजे ॲप सुरू करणारा, जठारपेठेत त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. "ताई, रविवारी आमी सगळे जमतो. तुमी अकोल्याले याच. आपल्या ग्रुपात लेडीज नाईत, लय दिवसाचं वाटून राहिलं होतं आमाले, कोनी यावं म्हनून."

म्हणून तो पलंगावरचा नाच.

तो आठवडा मोनाली नोकरीवरून आली की लॅपटॉप उघडून बसायची. दुरुस्ती तयार झाली, चालवून पाहिली, चालली! आईच्या फोनात आपल्या हातचं काम बोलणार, हे मनात आलं की तिच्या अंगावर सरसरून काटा यायचा. रविवारी सकाळी ती अकोल्याच्या बसमध्ये बसली आणि अकोला येईपर्यंत लॅपटॉपची बॅग मांडीवरून खाली ठेवली नाही.

जठारपेठेत उतरली आणि तिथंच थबकली. क्लासच्या जिन्यासमोर भलंमोठं फ्लेक्स. मधे मोनालीचा फोटो, कुठून तरी इंटरनेटवरून उचललेला, चुलतबहिणीच्या लग्नातला. भोवती ग्रुपातली तमाम मंडळी गॉगल लावून, आणि वर ठळक अक्षरात, "लाईन आली परिवारात सौ. मोनालीताई यांचे हार्दिक हार्दिक स्वागत!"

ती वाचतेय तोवर आईचा फोन. "काय वं, इथं गावात तुह्या फोटोवाला बोर्ड मोबाईलवर फिरून राहिला. सौ. लिहिलं आहे त्याच्यावर. माह्या जावयाचं नाव तं सांग!"

"आई, आपन मंग बोलू."

"अन् निवडनुकीले उभी राहिली काय तू?"

मोनालीनं फोन कापला. राग यावा की हसू यावं ते तिला कळेना. पण मन हुरळलेलं होतं, म्हणून हसूच आलं. जाऊ द्या, पोरं उत्साही आहेत, असं म्हणून ती जिना चढली.

वर तर लग्नघर. प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या आणि सगळ्यांसमोर एक गादीची खुर्ची, ती हिची. बसते न बसते तोच खांद्यावर शाल, हातात नारळ, मांडीवर पुष्पगुच्छ. संघपालनं भाषण केलं. त्याच्यानंतर आणखी एकानं केलं. मग कचोरी आली, मग चहा आला. मोनाली पाणी घ्यायला उठली तर माणसं धावली, "ताई ताई, तुमी बसा ना!" मोबाईल चार्जिंगला लावायला उठली, पुन्हा तेच. कचोरीची प्लेटसुद्धा तिच्या हातातून कोणीतरी काढून नेली. एक खरं सांगावं लागेल, त्या खोलीत तिच्याशी वाईट कोणीच वागत नव्हतं. तिथंच तर सगळी गोची होती.

शेवटी तिनं नारळ बाजूला ठेवला आणि लॅपटॉप काढला. "संघपालभाऊ, तो बग. मी दुरुस्ती करून आणली आहे. दाखवू?"

"अरे ताई, ते तं झालं!" संघपाल आनंदानं म्हणाला. "कुंदननं कालच करून टाकलं."

टाळ्या पडल्या. कोपऱ्यातला कुंदन, ग्रुपातला सगळ्यात तरबेज पोरगा, लाजून उभा राहिला आणि त्यानं हात जोडले. "तुमच्यासाठीच केलं ताई. म्हनलं, पाहुन्या बाईले कायले तरास."

 मोनालीच्या लॅपटॉपचं झाकण अर्धं उघडलेलं तसंच राहिलं. आठवडाभराचं काम, बसमध्ये मांडीवर सांभाळून आणलेलं, आणि या भल्या माणसानं ते भेट म्हणून हिरावून घेतलं. ती म्हणाली, "मग दुसरं काही द्या."

"दुसरं म्हंजे... आवाजाचं पिंटू पाहून राहिला. नकाशाचं मी घेतलं." संघपालनं डोकं खाजवलं, मग त्याचा चेहरा एकदम उजळला. "ताई, महिला दिनाले आपला कार्यक्रम आहे. त्याचं सूत्रसंचालन तुमी करा! तुमचा आवाज किती गोड आहे!"

झालं! मोनालीच्या डोक्यात तिडीक गेली. बोलायला म्हणून तिनं मान वर केली आणि तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथं एक फोटो होता. हीच गादीची खुर्ची, अशीच शाल, असाच नारळ, आणि खुर्चीत एक चष्म्यातली मुलगी, कसनुशी हसणारी.

"या कोण?"

"त्या शकुनताई. भातकुलीच्या. मागच्या वर्षी आल्या होत्या. लय हुशार बाई. पन परत आल्याच नाई."

"काहून नाई आल्या?"

"असतीन घरचे कामं. लेडीजले कुठं वेळ भेटते."

"तुमी विचारलं त्याईले?"

 ज्यांनी शकुनला शाल दिली, हार घातला, फोटो काढून भिंतीवर टांगला, त्यातल्या एकानंही तिला साधा फोन करून विचारलं नव्हतं.

"नंबर द्या," मोनाली म्हणाली. आणि सगळ्यांसमोर फोन लावून तिनं तो टेबलावर ठेवला, आवाज मोठा करून.

पलीकडून शकुन बोलली. आधी दचकली, मग मोनालीनं नाव-गाव सांगून विचारलं, "शकुनताई, इथं सगळे ऐकून राहिले बरं का. तुमी ग्रुप काहून सोडला?"

 मग शकुन म्हणाली, "सोडला कुठं? माहं काम शोधत होती मी. एक बग घेतला, तं दुसऱ्या दिवशी कोनी तरी करून टाकलेला. दुसरा घेतला, तोबी करून टाकला, वरून लिहिलं, ताई तुमी काळजी नका करू. मी तं काळजी कराले आलीच होती! मंग वाटलं, माहं काम याईले भरोशाचं वाटत नसन. कोनाले कायले तरास द्या. चूप बसली." मग तिनंच विचारलं, "तुले देलं का त्याईनं काम?"

"मले सूत्रसंचालन देलं."

"मले रांगोळी देली होती," शकुन म्हणाली, आणि फोनवर दोघी अशा काही हसल्या की खोलीतल्या माणसांना कुठं बघावं ते कळेना.

संघपालचा चेहरा मात्र उतरला होता. तो मनापासून दुखावला होता, आणि तेही खरंच होतं. "पन आमी तं मान देला," तो म्हणाला.

"देला ना भाऊ! पोटभर देला!" मोनाली उठून उभी राहिली. शाल काढून तिनं खुर्चीवर ठेवली. आता तिच्या तोंडून अमरावतीच्या नोकरीतली मराठी पळाली आणि सगळी चांदूर बाजारची बाहेर पडली. "माह्या आईकडं पाहुनी आली तं आई तिले पाटावर बसवते, पंख्याखाली. चुलीकडं फिरकू देत नाई. अन् घरची पोट्टी आली तं? आल्या आल्या हातात वांगे देते, म्हन्ते चिर. जाड चिरले तं बोलते. पाहुनी दुपारी जाते अन् पोट्टी राहते! मले सांगा, मी इथं कोन म्हनून आली? पाटावरच बसवाचं असन तं मी ही चालली. मले बस भेटते आत्ता."

आणि तिनं खरंच बॅग खांद्याला लावली. हे धमकावणं नव्हतं.  आज इथून रिकाम्या हातानं गेलो तर पुन्हा कुठल्याच ग्रुपवर "मी करून पाहू का" असं लिहायची आपली हिंमत होणार नाही, हे तिला पक्कं कळत होतं.

सगळ्यांच्या आधी कुंदन हलला. एक शब्द न बोलता तो आपल्या कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्यानं खटाखट काहीतरी केलं. "काढून टाकलं," तो म्हणाला. "माहं वालं. अजून लोकाईच्या फोनात गेलंच नोतं. आता तो बग तुमचा." मग वळून म्हणाला, "पन एक सांगतो. तुमचा कोड मी तपासन तं लाडानं नाई तपासनार. आमी एकमेकाचा तपासतो तसाच तपासन."

"मंग तपास ना बावा! त्याच्यासाठीच तं आली!"

बॅग खाली आली. टेबलावरच्या फोनमधून शकुन ओरडली, "फोन नको ठेवू वं, मलेबी आयकू दे!"

मोनालीचा कोड भिंतीवरच्या पडद्यावर आला. सगळे खुर्च्या ओढून भोवती बसले. कुंदन वाचत गेला आणि त्याच्या भुवया वर वर जात राहिल्या.

"हे काय करून ठेवलं तू?"

 संघपालनं खाकरून कुंदनचा शर्ट ओढला, "कुंदन्या, नीट बोल."

"काय नीट बोल? हिनं सगळी आडकाठीच काढून फेकली. उद्या एखादं पोट्टं खेळता खेळता बटन दाबत बसलं, आली-गेली, आली-गेली, तं अख्ख्या गावाचे फोन बोंबलतीन. लोक ॲप काढून टाकतीन दुसऱ्याच दिवशी!" मग एकदम जीभ चावून तो म्हणाला, "कोडले बोलून राहिलो बरं. तुले नाई."

मोनालीनं पडद्याकडे पाहिलं. खरंच की! हे आपल्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचे कान तापले, पण आतून जे उसळलं तो अपमान नव्हता. अरे, यानं वाचलं! एकेक ओळ वाचली! शालीनं नारळानं जे झालं नव्हतं ते या एका झापण्यानं झालं. आज दिवसभरात पहिल्यांदा तिला त्या खोलीत आपण असल्यासारखं वाटलं.

"बरोबर आहे तुहं," ती म्हणाली. "पन तुह्या वाल्यात तरी काय होतं? तू निस्ता ॲपचा चूप बसाचा वेळ कमी केला. आमच्या गावात लाईन आली-गेलीचा खेळ त्याच्याहूनही लवकर होते."

"मंग काय करशीन?"

"थांब, विचार करू दे. आमच्या इकडं लाईन गेली ना, तं एक मानूस बटन दाबत नाई. वावरावावरातून लोक दाबतात, अन् रागानं दाबतात. मंग असं करू. एकानंच दाबलं तं चूप राहाचं. दुसऱ्या मानसानंही तेच दाबलं तं खरं धराचं."

"अन् वावरात एकच मानूस असला तं?" कुंदन.

"तं ॲपनं त्याले विचाराचं, खरंच गेली का म्हनून," टेबलावरून फोन बोलला. "त्यानं हो म्हनलं की सांगून द्याचं."

"वा शकुन!" कुंदन ओरडला. ताई म्हणायचं तो साफ विसरून गेला, आणि शकुनचंही तिकडे लक्ष नव्हतं.

मग काय विचारता! वाद सुरू झाला. मोनाली लिहायची, कुंदन खोट काढायचा, शकुन फोनवरून तिसरंच काहीतरी सुचवायची. एकदा तर मोनाली आणि कुंदन एवढे भांडले की संघपालनं दारच लावून घेतलं, खालच्या दुकानदाराला काय वाटेल म्हणून. पिंटूनं सत्काराचा नारळ फोडला आणि सगळ्यांनी खोबरं खात खात काम केलं. मोनालीला तहान लागली तेव्हा ती स्वतः उठून पाणी प्यायली, आणि एकही माणूस धावला नाही. उलट पिंटू म्हणाला, "उठलीच आहे तं मलेबी आन."

उन्हं कलली तेव्हा मोनाली मागे टेकली. "आता पाह्य."

कुंदननं पाहिलं. खालपासून वरपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत. फोन घेऊन दोघं जण दोन कोपऱ्यांत गेले आणि आली-गेली खेळले. एकानं दाबलं, ॲप गप्प. दुसऱ्यानं दाबलं, आणि सगळ्यांचे फोन एकदम ओरडले, "गेली बाप्पा, गेली!"

"काई खोट निघून नाई राहिली," कुंदन जरा नाराजीनंच म्हणाला. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी आजवर कोणाला मिळालेली नाही.

संघपालनं बटण दाबून दुरुस्ती मुख्य कोडात घेतली. पडद्यावर एक नवी ओळ उमटली. केलेलं काम आणि त्यापुढं दोन नावं, मोनाली आणि शकुन. मोनालीनं दोन्ही हात तोंडावर धरले आणि मग असली किंकाळी मारली की फोनमधून शकुन घाबरली, "काय झालं वं? लागलं का काई?"

"लागलं शकुनताई! नाव लागलं! तुहं अन् माहं!"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग शकुनही तशीच किंचाळली. बस मोनालीची चुकली. पुढच्या बसनं अमरावतीपर्यंत ती खिडकीपाशी एकटीच हसत बसली, आणि शेजारची बाई थोडी सरकून बसली.

निघण्याआधी संघपालनं फ्लेक्स उतरवलं होतं, आणि पुढची बैठक अमरावतीला घ्यायची असं ठरलं होतं, म्हणजे भातकुलीहून शकुनला येता येईल. त्या बैठकीला शकुन आली. शाल नाही, गादीची खुर्ची नाही. दारातच कुंदननं तिच्या हाती काम ठेवलं, "ॲप बोलता बोलता मधेच तुटते. पाह्य काहून ते. चहा मंग."

शकुन बसली. बराच वेळ बसली. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, स्वतःशीच पुटपुटली, कपाळाला हात लावला. शेजारी मोनाली आपलं काम करत होती. तिनं सहज डोकावून पाहिलं आणि तिला खोट दिसली. चक्क दिसली! एवढीशी तर गोष्ट होती. तिला शकुनची कणव आली. बिचारी किती वेळची अडकून पडली आहे, इतक्या दिवसांनी आली, आणखी किती तिला तंगवायचं? आपण पटकन करून दिलं तर बरं वाटेल तिला. मोनालीची बोटं आपोआप चालायला लागली. आपल्या लॅपटॉपवर तिनं दुरुस्ती लिहूनसुद्धा टाकली. आता फक्त पाठवायची.

तेवढ्यात तिनं मान वर केली. शकुनच्या खुर्चीमागे कुंदन उभा होता, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून, चेहरा लालबुंद. त्यालाही दिसलं होतं. त्यानं मोनालीच्या पडद्याकडे पाहिलं, मग मोनालीकडे, आणि हळूच मान हलवली.

 अरे देवा, हे तर मीही केलं असतं! आणि अगदी मायेनं केलं असतं! तिनं लिहिलेलं सगळं पुसून टाकलं आणि हात मांडीखाली दाबून बसली. जीव नुसता वरखाली होत होता. शकुन चुकीच्या ओळीकडे गेली की कुंदन कळवळायचा, आणि ती बरोबर ओळीपाशी आली की मोनाली श्वास धरायची.

"सापडलं!" शकुननं टेबलावर असा हात मारला की चहा सांडला. "सापडलं वं मोनाली! मलेच सापडलं!"

खोलीत एकच गलका झाला आणि त्यात सगळ्यात मोठ्यानं मोनाली ओरडली. तिला आणि कुंदनला ते कधीचंच दिसलं होतं, हे दोघांनीही शकुनला अजून सांगितलेलं नाही.